भद्रावतीचा मुक्काम

"आप्पा, तुमचा रस्ता चुकीचा आहे," मी म्हणाले आणि नकाशावर दोरा ताणून धरला.

सेलमला दुकानाच्या वरच्या खोलीत आम्ही राहायचो. तिथल्या फरशीवर मी दक्षिण भारताचा नकाशा अंथरला होता आणि तो उडू नये म्हणून चार कोपऱ्यांवर पोळपाट, लाटणं, शालनताईची पर्स आणि माझी चप्पल ठेवली होती. आप्पा भिंतीला टेकून जेवत होते. आई त्यांना वाढत होती. ताई शेजारी बसून लग्नाच्या पत्रिकांना हळदकुंकू लावत होती.

"अकरा वर्सं त्याच रस्त्यानं जातोय," आप्पा म्हणाले. "आजवर कधी चुकला न्हाई, आताच बरा चुकला."

"अकरा वर्षं चुकतोय. हे बघा. तुमकूरवरून तुम्ही डावीकडे वळता. तिपटूर, अर्सीकेरे, कडूर, तरीकेरे, भद्रावती. तिथं मुक्काम. मग शिमोगा, शिकारीपूर, आणि कुठं जाऊन हावेरीला हायवे धरता. रस्त्याला केवढं पोट सुटलंय! आणि हा माझा. तुमकूर, चित्रदुर्ग, दावणगिरी, हावेरी. सरळ. सत्तर किलोमीटर वाचतात. तुमचे दोन मुक्काम, माझा एक. पहाटे चारला निघालो तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी विट्यात चहा."

दावणगिरीचं नाव निघताच आईच्या हातातली पळी आमटीतच थांबली. आप्पांनी मात्र घास चावून पूर्ण गिळला.

"भद्रावतीचा रस्ता सावलीचा हाय," ते म्हणाले.

"सावलीसाठी सत्तर किलोमीटर?"

"लॉजबी सवयीचा हाय."

"त्या लॉजच्या उशांना वास येतो आप्पा," ताई खाली मान घालूनच म्हणाली.

"येऊ दे. उशी काय खायची हाय का?" असं म्हणून आप्पा हात धुवायला उठले. विषय संपला. म्हणजे त्यांच्यापुरता.

आम्ही गलाईवाले. विटा-खानापूर भागातली हजारो घरं या धंद्यात आहेत. जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करून द्यायचं दुकान, आणि ते कुठं, तर देशात जिथं जागा मिळेल तिथं. त्यामुळे आमच्या माणसाला कन्याकुमारीपासून कानपूरपर्यंत कुठंही ओळखीचं दार सापडतं. आणि यातूनच एक रीत पडलेली आहे. वाटेवरच्या गावात आपल्या माणसाचं दुकान असेल, तर तिथं चहा घेतल्याशिवाय गाडी पुढं काढायची नाही. न थांबता गेलात तर तुम्ही घरी पोचायच्या आत बातमी तालुक्यात पोचलेली असते.

दावणगिरीला तात्यांचं दुकान होतं. तात्या म्हणजे आप्पांचे सख्खे थोरले भाऊ. आप्पा त्यांच्याच हाताखाली भट्टी शिकले. आप्पांनी सेलमला दुकान घातलं तेव्हाही शाळेसाठी शालनताईला दावणगिरीतच ठेवलं होतं. तात्यांना आणि थोरल्या आईला मूल नव्हतं. ताई त्यांचीच होऊन राहिली होती. तात्या तिला सायकलच्या दांडीवर बसवून शाळेत सोडायचे आणि सुटायच्या आधी अर्धा तास फाटकाशी उभे असायचे.

मग आजोबा वारले. तात्या आधीच गावी होते. आप्पा तार मिळाल्याबरोबर सेलमहून निघाले, तीन बस बदलून वीस तासांनी आमच्या गावी, भेंडवडीत पोचले, तर चिता पेटून दोन तास झाले होते. राख सावडायच्या दिवशी चार भाऊबंदांसमोर दोघा भावांची जुंपली. आप्पा म्हणाले, "बापाचं तोंड बघू दिलं न्हाईस, तुझा उंबरा पुन्हा चढणार न्हाई." तात्याही तापट. तेही म्हणाले, "मग माझाबी पाय तुझ्या उंबऱ्याला लागायचा न्हाई." त्याच आठवड्यात आप्पांनी ताईला दावणगिरीहून उचलून आणलं. ती तेरा वर्षांची होती. आठवडाभर जेवली नाही.

याला अकरा वर्षं झाली होती. आप्पा भद्रावतीवरून का जातात, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त कुणी बोलायचं नाही. दावणगिरीत थांबावं तर शपथ मोडते. न थांबता जावं तर बोभाटा होतो. त्यापेक्षा ते गावच नको.

आता ताईचं लग्न ठरलं होतं. तिनं आयुष्यात कधी काही मागितलं नाही. साड्याही आईनंच निवडल्या. फक्त पत्रिका छापून आल्या त्या दिवशी ती आप्पांना म्हणाली, "मला दुसरं काही नको. अक्षता टाकायला तात्या पाहिजेत." आप्पा "बघू" म्हणाले आणि दुकानात उतरले. भावाला पत्रिका पोस्टानं धाडणं म्हणजे अपमान. ती हातात द्यावी लागते, आणि हातात द्यायची तर उंबरा आलाच. त्यात आप्पांनी लग्न आमच्या दारात न घेता विट्याच्या कार्यालयात ठरवलं होतं, म्हणून ताई आणखीच हिरमुसली होती. आमच्या भावकीत एकीचंही लग्न दार सोडून झालं नव्हतं.

तेव्हा मी ठरवलं, की हे काम आपण करायचं. मी एकवीस वर्षांची होते. गाडी चालवायला आप्पांनीच शिकवलं होतं आणि मी त्यांच्यापेक्षा बरी चालवते हे मला तेव्हाही माहीत होतं. माणसं हटून बसली की त्यांना समजवायच्या भानगडीत पडू नये, त्यांना थेट दारासमोर नेऊन उभं करावं, असं माझं मत होतं. आजही आहे.

"मला ह्यात घेऊ नका," आई म्हणाली. "मला काय ठाव न्हाई." आणि निघायच्या दिवशी तिनं सर्दीच्या गोळ्यांची अख्खी पट्टी स्वतःच्या पिशवीत वरच्या बाजूला ठेवली.

ठरल्याप्रमाणे पहाटे चारला निघालो. तुमकूरपर्यंत आप्पा चालवणार, पुढं मी. आमच्या ओमनीत मागं आई आणि लग्नाचं सामान, पुढं ताई. आप्पांना आदल्या दिवसापासून शिंका येत होत्या. अकराच्या सुमारास तुमकूरला इडली खाल्ल्यावर आईनं त्यांना गोळी दिली. एक पुरली असती. आईनं दोन दिल्या.

"भद्रावतीला चारच्या आत पोच," चावी माझ्या हातात देताना आप्पा म्हणाले. "उशीर नगं."

"चारच्या आतच पोचवते," मी म्हणाले. कुठं, ते म्हणाले नाही.

दहा मिनिटांत मागून घोरणं ऐकू आलं. डावीकडं तिपटूरची पाटी आली. मी तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. ताईनं माझा गुडघा घट्ट धरला आणि शिरा गाव येईपर्यंत सोडला नाही.

"उजे, आप्पा उठले तर?"

"उठू देत. तोवर गाडी दारात असेल."

"तात्यांनी मला ओळखलं नाही तर?"

"तू अजून तशीच दिसतेस. गोल तोंडाची."

ती हसली. कितीतरी दिवसांनी हसली. हिरियूर गेलं, चित्रदुर्गचा किल्ला गेला. रस्ता सुरेख होता, मी मनातल्या मनात वेळ आणि अंतर जुळवत होते आणि सगळं दोऱ्याच्या मापात बसत होतं. खोटं कशाला सांगू, मला माझाच अभिमान वाटत होता.

बरोबर साडेतीनला दावणगिरीत शिरलो. ताईला रस्ते आठवत होते. डावीकडं, आता उजवीकडं, हे माझ्या शाळेचं फाटक, असं ती सांगत होती. पेठेत गर्दीमुळं गाडी हळू केली आणि आप्पा जागे झाले.

मी सगळी उत्तरं तयार ठेवली होती. ते ओरडले तर काय बोलायचं, उतरून चालू लागले तर काय करायचं, सगळं. पण ते ओरडले नाहीत. त्यांनी खिडकीतून बाहेर बघितलं, एक पाटी वाचली, दुसरी वाचली.

"किती वाजलं?" त्यांनी विचारलं.

"साडेतीन."

"साडेतीन," ते म्हणाले. त्यांचा चेहरा पार उतरला. "उजे, गाडी फिरव. भद्रावतीला घे. आत्ताच्या आत्ता."

"आप्पा, किती दिवस पळणार आहात? ते बघा दुकान. तुम्ही उंबरा चढू नका. आम्ही चढतो. पत्रिका आम्ही देतो."

"अगं तसं न्हाई. तुला कळंना. फिरव म्हंतो ना!"

मी गाडी दुकानासमोर उभी केली. ताईनं दार उघडायच्या आत दुकानातून एक बाई बाहेर आली, हात पदराला पुसत. केस पांढरे झाले होते. ताईला बघून ती पायरीवरच थबकली.

"शाले?"

ताई धावत गेली आणि थोरल्या आईच्या गळ्यात पडली. भर पेठेत दोघी रडत होत्या आणि शेजारचा कापडवाला तोंड उघडं टाकून बघत होता. मी मागं वळून आप्पांकडं बघितलं, म्हटलं आता तरी विरघळतील. आप्पा घड्याळाकडं बघत होते.

थोरल्या आईनं डोळे पुसले, गाडीपाशी आली, आत डोकावली, आणि आप्पांना बघून चपापली.

"भावजी? तुमी हितं कसं?" ती म्हणाली. "मग तिकडं त्यास्नी कोण भेटणार?"

"कुणाला?" आईनं विचारलं.

"ह्यास्नी. सकाळच्या गाडीनं गेल्यात की भद्रावतीला. दरसाल जात्यात तशे."

आई हळूहळू आप्पांकडं वळली.

"दरसाल?"

"व्हय की. भावजींचं कार्ड येतं ना. तारीख आन् चार वाजता, एवढंच लिवल्यालं असतं." थोरली आई गोंधळून आमच्या चेहऱ्यांकडं बघत होती. "तुमास्नी म्हाईत न्हाई?"

भद्रावतीला पोचलो की दरवर्षी आप्पा आम्हाला खोलीत सोडून 'पान खाऊन येतो' म्हणून बाहेर पडायचे आणि दोन तासांनी परत यायचे. त्या पानावरून आम्ही त्यांची इतकी चेष्टा केली होती, की पुढं पुढं ते सांगायच्या आधीच आम्ही हसायचो.

"अकरा वर्सं," आई म्हणाली. "अकरा वर्सं मला पान सांगितलंसा?"

"धा," आप्पा म्हणाले. "पयल्या वर्साला नव्हतो भेटलो." मग ते माझ्याकडं बघून बोलले, आणि त्यांच्या आवाजात राग नव्हता, तेच मला जास्त लागलं. "शपथ उंबऱ्याची हुती. लॉजची पायरी कुणाच्या बापाची हाय? म्हणून तिथं भेटतो. शालनच्या लग्नाला कार्यालय त्यासाठनंच घेतलं. त्यालाबी उंबरा न्हाई लागत."

त्यांनी सदऱ्याच्या आतल्या खिशातून पत्रिका काढली. हळदकुंकू लावलेली, कोपरे दुमडलेली. वर त्यांच्या मोठ्या वेड्यावाकड्या अक्षरात तात्यांचं नाव होतं. ताईनं हळदकुंकू लावायला घेतलेल्या पत्रिकांतली पहिलीच त्यांनी उचलली होती आणि आम्हाला पत्ता लागू दिला नव्हता.

ताईनं ती बघितली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"लॉजवर फोन करू," मी म्हणाले. पण लॉजचा नंबर कुणाकडंच नव्हता आणि मोबाईल तेव्हा आमच्यापर्यंत आले नव्हते.

"परतीची शेवटची गाडी सहाला हाय," थोरली आई म्हणाली. "तिनंच येत्यात नेहमी."

"चार वाजून जातील," आप्पा म्हणाले. "मी आलो न्हाई असं व्हईल. ह्या वर्सी, पोरीच्या लग्नाच्या वर्सी, मी आलो न्हाई. त्यो काय समजंल?"

"बसा," मी म्हणाले. "सगळे बसा."

"मीबी येते," थोरली आई म्हणाली. कारागिरावर दुकान टाकून ती नेसत्या पातळानिशी मागं आईशेजारी येऊन बसली. अकरा वर्षांनी एकमेकींशेजारी बसलेल्या त्या दोघी जावांनी पहिल्यांदा काय केलं असेल, तर आपापल्या नवऱ्यांना मनसोक्त शिव्या दिल्या.

दावणगिरीहून भद्रावती पंचाण्णव किलोमीटर. हा रस्ता माझ्या दोऱ्यात कुठंच नव्हता. चन्नगिरीपर्यंत खड्डे, मग दोन्ही बाजूंना सुपारीच्या बागा, अरुंद रस्ता आणि पुढं एक गवताची बैलगाडी, जी बाजू द्यायला तयारच नाही. आप्पा माझ्या शेजारी बसले होते. सव्वाचार झाले, पाच झाले. ते दर गावाला पाटी वाचत होते.

"चुकलंच माझं आप्पा," मी शेवटी म्हणाले. हे शब्द मी फार वेळा वापरत नाही.

"रस्ता चांगला काढला हुतास," ते म्हणाले. "मला विचारायचं हुतंस."

"विचारलं तर तुम्ही सांगितलं असतं?"

त्यांनी जरा विचार केला. "न्हाई," ते म्हणाले.

"दोन तास काय बोलता तुम्ही?"

"काय न्हाई. पाऊस किती झाला. तिकडं काम कसं हाय. शालन किती शिकली, ते दर खेपी इचारतो. तुझ्या ड्रायव्हिंगचं सांगितलं तवा लय हसला."

"आणि आजोबांचं?"

"ते न्हाई," आप्पा म्हणाले. "त्यावर एकदाबी बोललो न्हाई. त्यो बोलला न्हाई, मी काढलं न्हाई."

पावणेसहाला आम्ही अजून दहा-बारा किलोमीटर मागं होतो. पुढं एका रेल्वे फाटकावर मालगाडी आली आणि तिचे डबे संपता संपेनात. सहा वाजले तेव्हा आप्पांनी घड्याळ काढून खिशात टाकलं. ताई तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होती. मला त्या वेळी एकच वाटत होतं, की माझ्या शहाणपणानं ताईचे तात्या दुसऱ्यांदा नेले.

भद्रावतीच्या स्टँडवरून गेलो तेव्हा सव्वासहा झाले होते. दावणगिरीच्या फलाटावर एकही गाडी नव्हती.

"गेला आसंल," आप्पा म्हणाले. "आता लॉजवर जाऊन काय उपेग?"

मी तरीही गाडी लॉजकडं वळवली. ऊन उतरलं होतं, पण उजेड चांगला होता. लॉजच्या तीन पायऱ्या होत्या. मधल्या पायरीवर पांढरी टोपी घातलेला एक म्हातारा माणूस बसला होता. शेजारी कापडात बांधलेलं गाठोडं होतं, आणि तो रस्त्याच्या त्या टोकाकडं बघत होता जिकडून आम्ही दरवर्षी यायचो. आम्ही उलट्या बाजूनं आलो, म्हणून त्याला दिसलो नाही.

आप्पा गाडी थांबायच्या आधीच उतरले.

तात्यांनी मान वळवली. त्यांनी आप्पांना बघितलं, मग आमच्या गाडीतून उतरणाऱ्या त्यांच्याच बायकोला बघितलं, मग आईला, आणि सगळ्यांत शेवटी ताईला. ताईनं त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. त्यांनी गाठोडं उचलून तिच्या हातात दिलं. आत एक हिरवी साडी होती.

"आज उशीर केलास," तात्या आप्पांना म्हणाले.

"पोरीनं जवळचा रस्ता काढला."

तात्यांनी माझ्याकडं बघितलं. "हीच व्हय ती गाडी चालिवणारी?" ते म्हणाले आणि हसले. आप्पांनी पत्रिका पुढं केली. दोन्ही हातांनी. तात्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली, डोळ्यांपासून लांब धरून वाचली.

"कार्यालयात ठेवलंस?"

"व्हय. तुला येता यावं म्हणून."

तात्यांनी मान हलवली. पत्रिका घडी न घालता तशीच हातात धरून बसले.

"सहाची गाडी शेवटची हुती," आप्पा म्हणाले. "गेली न्हवं?"

"गेली. माझ्या डोळ्यांदेखत गेली."

"मग तू का गेला न्हाईस? मी येतोय का न्हाई, तुला काय ठाव?"

तात्यांनी पुन्हा त्या रिकाम्या रस्त्याकडं बघितलं.

"मागं एकदा थांबलो न्हाई," ते म्हणाले.

आप्पा त्यांच्या शेजारी पायरीवर बसले आणि तोंडावर टॉवेल घेऊन रडले. तात्यांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. आम्ही चौघी गाडीला टेकून उभ्या राहिलो. कुणी पुढं गेलं नाही.

मुक्काम अर्थात भद्रावतीलाच पडला. दोन खोल्या घेतल्या, आम्ही चौघी एकीत, भाऊ दोघे दुसरीत. उशांना वास येत होता, पण त्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही.